टेम्सवर घडलेल्या विजा

अ‍ॅडमिरल तोगो यांची जपानी ध्वजनौका ‘मिकासा’ सुमारे १५,००० टनांची होती आणि तिची इंजिनं १५,००० अश्वशक्तीची. म्हणजे टनामागे एक घोडा. त्याच आरमारातली ‘इकाझुची’ नावाची विनाशिका जेमतेम ३०५ टनांची, आणि तिच्या पोटात कोंडलेले घोडे ६,०००. टनामागे वीस! ‘मिकासा’ १८ नॉटने चालायची, तर ही चिमुरडी ३१ नॉटने, म्हणजे ताशी ५७ किलोमीटरच्या वेगाने पाणी कापायची. साल होतं १८९९. रस्त्यावरची मोटारगाडी तेव्हा नुकती कुठे धावायला शिकत होती.

लांबी ६७ मीटर, रुंदी सहा मीटरांच्या किंचित वर. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आजची ‘आयएनएस विशाखापट्टणम’ १६३ मीटर लांब आणि ७,४०० टन वजनाची आहे. म्हणजे ‘इकाझुची’ लांबीला तिच्या दोन-पंचमांश भरते, वजनाला मात्र चोविसावा हिस्साही नाही. दोघींनाही मराठीत आपण विनाशिकाच म्हणतो. एवढ्या लांब, एवढ्या अरुंद आणि एवढ्या हलक्या जहाजात साठेक माणसं समुद्रावर राहत, जेवत, झोपत आणि लढत होती.

हा प्रकार जन्माला आला तो भीतीतून. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फियूमे शहरात स्वतःच्या बळावर पाण्याखालून धावणारा पाणतीर तयार केला. दाबून भरलेल्या हवेवर त्याचं छोटंसं इंजिन चालायचं. खरी करामत होती ती ठरावीक खोली राखण्याची. पाण्याचा दाब ओळखणारी झडप आणि एक लंबक यांची त्याने अशी सांगड घातली, की पाणतीर खाली गेला की आपोआप वर यावा आणि वर आला की खाली जावा. हे गुपित व्हाइटहेडने वर्षानुवर्षं जपलं आणि ते विकत घेण्यासाठी देशोदेशीची आरमारं त्याच्या दारात उभी राहिली. पुढे तीर सरळ रेषेत ठेवण्यासाठी गायरोस्कोपही आला.

याने आरमारी अर्थशास्त्र पार उलटंपालटं झालं. कोट्यवधींची चिलखती युद्धनौका आता एखादी छोटी, स्वस्त बोट रात्रीच्या अंधारात येऊन बुडवू शकत होती. अशा बोटींना गाठून मारण्यासाठी त्यांच्याहून थोडं मोठं, थोडं जास्त वेगवान आणि तोफा लावलेलं जहाज हवं होतं. ब्रिटनच्या यॅरो कारखान्याने १८९३ मध्ये ‘हॅवॉक’ पाण्यात सोडली आणि विनाशिकेची जात सुरू झाली. काम राखणदाराचं, मोठ्या जहाजांभोवती फिरायचं आणि चोर आला की टिपायचा. पण राखणदाराच्याही हातात पाणतीर होतेच. मग त्यानेच चोरी का करू नये? हा प्रश्न सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत गांभीर्याने विचारला तो जपानने.

त्याला कारण होतं. चीनशी झालेल्या युद्धात, फेब्रुवारी १८९५ मध्ये, चिनी आरमार वेहाईवेच्या बंदरात अडकून पडलं होतं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत जपानी पाणतीर-बोटी रात्री तिथे घुसल्या. काही नळ्यांमध्ये पाणतीर गोठून बसले होते. तरीही सात हजार टनांवरची ‘डिंगयुआन’ ही चिनी ध्वजनौका त्या हल्ल्यात निकामी झाली. तिच्यापुढे या बोटी म्हणजे हत्तीच्या पायाशी मुंग्या होत्या. त्या बोटींपैकी एकीवर कांतारो सुझुकी नावाचा तरुण अधिकारी होता. हे नाव लक्षात ठेवावं, कारण हा माणूस पुढे दोनदा भेटणार आहे.

युद्ध संपल्यावर चीनकडून २० कोटी ताएल, म्हणजे चांदीच्या वजनात मोजलेली प्रचंड खंडणी, जपानला मिळाली. तिचा मोठा वाटा आरमारात ओतला गेला. सहा विनाशिका लंडनच्या पॉपलर भागात यॅरोकडे आणि सहा चिझिकमध्ये थॉर्निक्रॉफ्टकडे सांगण्यात आल्या. दोन्ही कारखाने टेम्सच्या काठावर. तिथून सुएझ कालव्यातून, हिंदी महासागर ओलांडून, अकरा हजार सागरी मैलांच्या आसपासचा प्रवास करून त्या जपानला पोचल्या. किनाऱ्याजवळच्या कामासाठी बांधलेल्या कवचीसारख्या जहाजांनी अर्धी पृथ्वी ओलांडावी, हाच एक पराक्रम म्हणायचा.

जपानी विनाशिकांची नावं वाचताना आपण युद्धाबद्दल वाचतोय हे क्षणभर विसरायला होतं. ‘इकाझुची’ म्हणजे मेघगर्जना, ‘इनाझुमा’ वीज, ‘साझानामी’ पाण्यावरच्या बारीक लहरी, ‘निजी’ इंद्रधनुष्य, ‘युगिरी’ संध्याकाळचं धुकं, ‘हारुसामे’ वसंतातला पाऊस. ब्रिटिशांनी आपल्या विनाशिकांना धाडसी, उपद्रवी, हल्लेखोर अशा अर्थाची नावं दिली होती. जपान्यांनी ऋतुचक्र समुद्रात सोडलं. पुढे दुसऱ्या दर्जाच्या, लहान विनाशिकांना झाडाफुलांची नावं मिळाली.

आत मात्र ऋतू एकच होता, कडक उन्हाळा. एवढी ताकद एवढ्याशा जागेत मिळवायची तर वाफ प्रचंड दाबाने आणि प्रचंड वेगाने तयार व्हायला हवी. म्हणून मोठ्या पिंपासारख्या जुन्या बॉयलरऐवजी बारीक नळ्यांचे बॉयलर आले. पाणी नळ्यांत आणि आग बाहेर. भट्टी फुलवायला नुसतं धुराडं पुरेना. मग भट्टीची खोली चहूबाजूंनी बंद करून पंख्यांनी आत हवा कोंबायची. कोळसा टाकणारे कामगार त्या दाबाखालच्या हवेत उभे राहून फावडं चालवत. खोलीत शिरायला दोन दारांची व्यवस्था असे, कारण हवेचा दाब एकाएकी गेला तर भट्टीतली ज्वाळा उलटून थेट अंगावर यायची.

त्या वाफेवर उभ्या दट्ट्यांची इंजिनं चालत. वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये, मग मधल्यात, मग मोठ्यात प्रसरण पावत जायची, म्हणजे तिची ताकद शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतली जायची. वजनदार दट्टे मिनिटाला शेकडो वेळा वर-खाली होत असताना अख्खं जहाज थरथरायचं. बाजूंचे पत्रे होते काही मिलिमीटरचे. चिलखत नावाची गोष्टच नव्हती, वेग हेच चिलखत. आणि त्या वेगालाही एक खोट होती. पूर्ण वेगात भट्ट्या पेटल्या की धुराड्यांच्या तोंडातून ज्वाळा बाहेर पडत, आणि ज्या जहाजाने रात्री गुपचूप जायचं त्याच्याच डोक्यावर मशाल पेटायची. म्हणून जपानी आरमार कमी धूर करणारा वेल्सचा कोळसा पैसे मोजून आणवत असे.

रशियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा जपानकडे अशा १९ विनाशिका होत्या. ‘निजी’ १९०० मध्येच चीनच्या शांतुंग किनाऱ्यावर फुटली होती. उरलेल्यांत चार ‘हारुसामे’ जातीच्या, जपानच्याच गोद्यांत बांधलेल्या. टेम्सवरची पहिली जहाजं आली त्याला तेव्हा फार तर पाच वर्षं झाली होती.

८ फेब्रुवारी १९०४ ची रात्र. रशियाचं पॅसिफिक आरमार पोर्ट आर्थर बंदराबाहेर नांगरून उभं होतं आणि युद्धाची औपचारिक घोषणा अजून झालेली नव्हती. ती दोन दिवसांनी झाली. दहा जपानी विनाशिका बंदराच्या दिशेने निघाल्या. वाटेत रशियन गस्तीच्या विनाशिकांचे दिवे दिसले, त्यांना चुकवताना रांग विस्कटली आणि अंधारात ‘इकाझुची’ व ‘ओबोरो’ एकमेकींवर आदळल्या. बाकीच्या पुढे गेल्या. मध्यरात्रीनंतर सोळाच्या आसपास पाणतीर सुटले, त्यांतले तीन लागले. रशियाच्या दोन उत्तम युद्धनौका, ‘त्सेसारेविच’ आणि ‘रेटविझान’, आणि ‘पल्लादा’ ही क्रूझर जायबंदी झाल्या. एकही कायमची बुडाली नाही. काही महिन्यांत तिन्ही दुरुस्त झाल्या.

पुस्तकांतून हा हल्ला थरारक यश म्हणून रंगवला जातो. मला तो अर्ध्यावर सुटलेला डाव वाटतो. बेसावध, नांगरलेलं, एकत्र उभं असलेलं आरमार पुन्हा कधी मिळणार होतं? पण तीर दुरून सोडले गेले, विनाशिका तुकड्या-तुकड्यांनी पोचल्या आणि पहिल्या स्फोटानंतर रशियन सर्चलाइट जागे झाले. नवं हत्यार हाती आल्यावर ते किती जवळ जाऊन वापरायचं, हे कागदावर शिकता येत नाही.

पुढचे महिने विनाशिकांनी बंदराभोवती गस्त घालत, रशियन विनाशिकांशी झटापटी करत काढले. १० मार्चला चार जपानी विनाशिकांनी ‘स्तेरेगुश्ची’ला घेरलं, ‘साझानामी’ने तिला दोर बांधून ओढायला सुरुवात केली, पण ती वाटेतच बुडाली. रशियाने तिच्या खलाशांचं स्मारक १९११ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये उभारलं. तोफांपेक्षा मोठा वैरी मात्र पाण्यातले सुरुंग निघाले. मे महिन्यात ‘आकात्सुकी’ सुरुंगावर गेली, सप्टेंबरमध्ये ‘हायातोरी’. ‘आकात्सुकी’ बुडाल्याचं रशियाला कळू नये म्हणून जपान्यांनी नामी युक्ती केली. चीफू या तटस्थ चिनी बंदरात आसऱ्याला गेलेली ‘रेशितेल्नी’ ही रशियन विनाशिका त्यांनी ऑगस्टमध्ये तिथे घुसून पळवली होती. तिला आपल्या आरमारात घेताना नाव दिलं ‘आकात्सुकी’! मेलेल्या जहाजाच्या नावाने शत्रूचंच जहाज पाण्यावर फिरू लागलं. तटस्थतेचा भंग झाला म्हणून बराच आरडाओरडा झाला, पण जहाज काही परत गेलं नाही.

मग आला २७ मे १९०५. बाल्टिक समुद्रातून सात महिने अर्धं जग वळसा घालून आलेलं रशियन आरमार त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत तोगोंसमोर आलं. दिवसा मोठ्या तोफांनी निकाल लावला, ते सर्वश्रुत आहे. पुण्या-मुंबईपासून बंगालपर्यंत त्या बातमीने हिंदुस्थानी वाचकांची छाती कशी फुगली तेही आपण वाचलेलं असतं. त्या रात्री काय झालं, याकडे मात्र कमी लक्ष जातं.

समुद्र खवळलेला होता. २१ विनाशिका आणि त्यांच्या जोडीला पाणतीर-बोटींचे ताफे चहूबाजूंनी पांगलेल्या रशियन जहाजांवर तुटून पडले. पोर्ट आर्थरचा धडा पक्का झाला होता. आता काही शे मीटरांपर्यंत जाऊन तीर सोडले जात होते. ज्या रशियन जहाजांनी सर्चलाइट लावले त्यांनी स्वतःचाच पत्ता दिला. ज्यांनी दिवे मालवून पुढे जाणं पसंत केलं ती त्या रात्री बहुतांशी वाचली. चौथ्या विनाशिका तुकडीचा प्रमुख होता आपला कांतारो सुझुकी. त्याच्या जहाजांनी ‘नवारिन’ या युद्धनौकेच्या वाटेत दोराने एकमेकांना जोडलेले सुरुंग सोडले. जहाज दोन सुरुंगांच्या मधून जायला लागलं की दोर नाळेत अडकायचा आणि दोन्ही बाजूंचे सुरुंग आपसूक अंगाशी ओढले जायचे. ‘नवारिन’वरच्या सहाशेहून अधिक माणसांपैकी तिघे जगले. ‘सिसोय वेलिकी’, ‘नाखिमोव्ह’ आणि ‘मोनोमाख’ ही तीन मोठी जहाजं इतकी फुटली, की दुसऱ्या दिवशी रशियन खलाशांनी ती स्वतःच बुडवली. बदल्यात जपानने गमावल्या तीन पाणतीर-बोटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘साझानामी’ला दूरवर ‘बेदोव्ही’ ही रशियन विनाशिका दिसली. तिने लढाई न देता पांढरं निशाण वर केलं. जपानी तुकडी जहाजावर चढली तेव्हा आत डोक्याला पट्ट्या बांधून पडलेला जखमी माणूस होता अ‍ॅडमिरल रोझेस्टव्हेन्स्की, अख्ख्या रशियन आरमाराचा सेनापती! त्याची ध्वजनौका जळत असताना त्याला एका विनाशिकेवर आणि तिथून दुसरीवर हलवलं गेलं होतं. तीनशे टनांच्या, लहरींचं नाव लावणाऱ्या जहाजाने त्याला दोर बांधून सासेबोला नेलं. तिथल्या नौदलाच्या इस्पितळात तोगो स्वतः त्याच्या भेटीला गेले.

सुझुकीची दुसरी भेट इथेच घालून देतो, कारण पुढे त्याला वाटेत जागा नाही. वेहाईवेच्या गोठलेल्या पाण्यात पाणतीर-बोट घेऊन गेलेला हा माणूस एप्रिल १९४५ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, जपानचा पंतप्रधान झाला. त्याच ऑगस्टमध्ये शरणागती पत्करली ती त्याच्याच मंत्रिमंडळाने.

युद्ध चालू असतानाच जपानने ‘कामिकाझे’ जातीच्या ३२ विनाशिका बांधायला घेतल्या. (त्यांचा चाळीस वर्षांनंतरच्या आत्मघाती वैमानिकांशी काही संबंध नाही.) मोजक्या सरकारी गोद्यांना एवढं काम झेपेना, म्हणून खाजगी कारखान्यांनाही ते दिलं गेलं. माझ्या मते या ३२ जहाजांचं खरं उत्पादन जहाजं नव्हतीच. पातळ पोलाद वाकवणारे, बारीक नळ्या बसवणारे, दट्टे हजारांश मापात घासणारे कारागीर देशभर तयार झाले, ही कमाई. ती किती मोठी होती ते १९११ मध्ये कळलं. माइझुरूच्या गोदीतून ‘उमिकाझे’ बाहेर पडली: हजार टनांच्या वर, थरथरणाऱ्या दट्ट्यांऐवजी पार्सन्सची टर्बाइनं, २०,५०० अश्वशक्ती, ३३ नॉट. ‘इकाझुची’नंतर जेमतेम बारा वर्षं लोटली होती. तिचं इंधन आणि किंमत मात्र खिशाला झेपेना, म्हणून पुढच्या लहान विनाशिकांत पुन्हा दट्ट्यांची इंजिनं आली. प्रगती काही दर वेळी पुढेच जाते असं नाही.

अशाच लहान विनाशिका होत्या ‘काबा’ जातीच्या. पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१४ च्या अखेरीस दहा जहाजं आठ गोद्यांत एकदम बांधायला घेतली आणि पुढच्या वसंतात ती तयारही झाली! ६६५ टन, ३० नॉट, आणि नावं झाडांची: ‘मात्सु’ म्हणजे पाइन, ‘सुगी’ म्हणजे देवदार, ‘कुसुनोकी’ म्हणजे कापराचं झाड.

१९१७ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्यांनी भूमध्य समुद्रात हाहाकार माजवला होता. ब्रिटनने १९०२ च्या मैत्रीकराराची आठवण देऊन मदत मागितली. जपानने ती दिली, पण फुकट नाही. शांतुंग आणि पॅसिफिकमधल्या जर्मन बेटांवरच्या आपल्या हक्काला पाठिंबा आधी पदरात पाडून घेतला. रिअर अ‍ॅडमिरल कोझो सातो यांच्या हाताखाली ‘आकाशी’ ही क्रूझर आणि ‘काबा’ जातीच्या आठ विनाशिका एप्रिलमध्ये माल्टाला पोचल्या. मागून आणखी चार आल्या.

आणि इथे विनाशिकेच्या कामाने पुन्हा कूस बदलली. अंधारात जाऊन बुडवणारी जहाजं आता दिवसाउजेडी सैनिकांनी भरलेल्या जहाजांच्या आगेमागे फिरू लागली, अगदी मूळच्या राखणदारासारखी. फक्त चोर आता पाण्याखाली होता. ४ मे १९१७ रोजी तीन हजारांच्या आसपास माणसं घेऊन निघालेल्या ‘ट्रान्सिल्व्हानिया’ला जिनोआच्या आखातात जर्मन पाणबुडीचा तीर लागला. सोबतीला ‘मात्सु’ आणि ‘साकाकी’ होत्या. ‘मात्सु’ बुडत्या जहाजाला चिकटून उभी राहिली आणि सैनिक तिच्यावर उड्या मारू लागले. तेवढ्यात दुसरा तीर येताना दिसला. ‘मात्सु’ कशीबशी मागे सरली. तीर ‘ट्रान्सिल्व्हानिया’वर आदळला. चारशेच्या वर माणसं गेली, बाकी वाचली.

महिनाभराने, ११ जूनला, क्रीटजवळ ‘साकाकी’वर ऑस्ट्रियन पाणबुडीने नेम धरला. नाळेकडचा भाग उडाला, कप्तानासह ५९ जण मेले. उरलेलं अर्धं जहाज मात्र तरंगत राहिलं. ते ओढत नेलं, पिरेयसला दुरुस्त केलं आणि ते पुन्हा समुद्रावर आलं. युद्ध संपेपर्यंत या ताफ्याने सातशेहून अधिक जहाजं आणि सात लाखांहून अधिक सैनिक सांभाळून नेले. ब्रिटिशांनी मांडलेल्या हिशेबात त्यांच्या स्वतःच्या विनाशिका ६० टक्के वेळ समुद्रावर असत, तर जपानी ७२ टक्के. भूमध्य समुद्रात मेलेल्या जपानी नौसैनिकांचं स्मारक माल्टाच्या कालकारा इथल्या नौदल दफनभूमीत आहे. युवराज हिरोहितो १९२१ मध्ये तिथे गेले होते.

याच ‘काबा’ आराखड्यावर फ्रान्सने जपानकडून बारा विनाशिका बांधून घेतल्या आणि १९१७ मध्ये त्या भूमध्य समुद्रात पोचल्याही. ‘अराब’, ‘सोमाली’, ‘सेनेगाले’ अशी फ्रेंच साम्राज्यातल्या आणि आसपासच्या लोकसमूहांची नावं त्यांना दिली गेली. युरोपातल्या एका आरमारी सत्तेने जपानी गोदीकडे गिऱ्हाईक म्हणून यावं, हे टेम्सवर पहिली मागणी नोंदवणाऱ्यांना वेडेपणाचं वाटलं असतं.

ब्रिटनकडून जपानने विनाशिकांची शेवटची खरेदी केली ती यॅरोकडूनच, दोन जहाजांची: ‘उराकाझे’ आणि ‘कावाकाझे’. ‘उराकाझे’ ही निव्वळ तेलावर चालणारी पहिली जपानी विनाशिका. तिच्यात डिझेल इंजिनंही बसवायची होती, पण त्यांची जोडणी करणारं यंत्र जर्मनीतून यायचं होतं आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं. ‘कावाकाझे’ तर जपानला पोचलीच नाही. १९१६ मध्ये ती बांधणीतच असताना इटलीला विकली गेली आणि तिचं नाव झालं ‘आउदाचे’. ३ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑस्ट्रियाच्या हातून सुटलेल्या त्रिएस्ते बंदरात शिरणारं पहिलं इटालियन युद्धजहाज ते हेच. ती ज्या धक्क्याला लागली, त्या सान कार्लो धक्क्याचं नाव १९२२ मध्ये बदलून ‘मोलो आउदाचे’ करण्यात आलं आणि आजही तेच आहे. व्हाइटहेडने पहिला पाणतीर जिथे घडवला ते फियूमे तिथून सत्तर किलोमीटरच्या आत आहे.